झाकली मूठ केव्हा उघडावी

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि शहाण्याने आपले बळ उघड करू नये, असा तिचा अर्थही मनाशी ठरवून टाकला. पण म्हणीकडे नीट पाहिले तर ती भरलेल्या मुठीविषयी बोलतच नाही. झाकल्यामुळे जिची किंमत सव्वा लाख होते, ती मूठ मुळात रिकामी किंवा जेमतेम भरलेली असते. मुठीत खरोखरच सव्वा लाख असतील तर ती झाकून काय साधते, हा वेगळा प्रश्न आहे. त्या प्रश्नाचा विचार मला एका पत्त्यांच्या खेळाने करायला लावला.

गुजरातेत श्रावणातील सातम-आठमला पत्ते खेळण्याची जुनी चाल आहे. बडोद्याच्या मुक्कामात ती आमच्याही घरात शिरली. चिंचोके मांडून आम्ही तीन पत्ती खेळत असू. त्या खेळात चांगली पाने आलेल्याने चेहरा कोरा ठेवावा, लहान लहान चाली द्याव्यात आणि समोरच्याला भरीस पाडावे, हे ओघाने येते. आपण 'हातचे राखून' म्हणतो ते हेच. निवृत्तीनंतर न्यू जर्सीतील पुतण्याने मला संगणकावर पोकर शिकवला. आमचा हा चौघांचा डाव निव्वळ खोट्या चकत्यांचा असतो. पैसे लावून खेळलेला पोकर हा कौशल्याचा नव्हे तर नशिबाचा खेळ, म्हणजे जुगार, असा निर्णय गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनेही केला. आयुष्यभर सरकारी नियम पाळलेल्या माणसाला चकत्या पुरेशा आहेत.

आम्ही खेळतो तो 'लिमिट' प्रकार. प्रत्येकाला दोन पाने झाकलेली मिळतात. मग टेबलावर तीन पाने उघडतात, त्यानंतर एक आणि शेवटी आणखी एक. या सातांतून उत्तम पाच पानांचा हात धरायचा. बोली लावण्याच्या चार फेऱ्या असतात आणि बोली बांधलेली असते: पहिल्या दोन फेऱ्यांत दोन चकत्यांची, पुढच्या दोन फेऱ्यांत चारांची. पाने कितीही भारी असोत, एका वेळी याहून अधिक लावता येत नाही. तीन पत्तीशी मोठा फरक मात्र आणखीच वेगळा आहे. तीन पत्तीत पाने एकदाच वाटली जातात. आपण कितीही वेळ काढला तरी प्रतिस्पर्ध्याचा हात सुधारत नाही. पोकरमध्ये दर फेरीला नवे पान येते, आणि आपण गप्प राहिलो तर ते त्याला फुकट मिळते.

एक उदाहरण घेऊ. माझ्याकडे इस्पिक आणि किलवर असे दोन राजे आहेत. चौघांनीही पहिल्या फेरीत दोन-दोन चकत्या टाकल्या, म्हणजे मध्ये आठ जमल्या. टेबलावर बदामाचा राजा, बदामाची नव्वी आणि चौकटची अठ्ठी उघडली. माझे तीन राजे झाले, हात उत्तम आहे. तीन पत्तीचा संस्कार सांगतो, गप्प राहा. पण कुणाच्या हाती दोन बदाम असतील तर न दिसलेल्या ४७ पानांपैकी ९ पाने त्याचा रंग पुरा करतात, म्हणजे पाचातून जवळजवळ एकदा. मी दोन चकत्या लावल्या तर त्याला दोन टाकून दहा जिंकण्याची आशा दिसते. तो डाव सोडणार नाही, आणि त्याच्या बाजूने हिशेब केला तर त्याने सोडूही नये. मग तो जे विकत घ्यायला तयार आहे, ते मी फुकट का द्यावे? लिमिट खेळाचे मर्म इथे आहे. बोली लहान आणि मधली रास मोठी असल्यामुळे बळ दाखवले तरी गिऱ्हाईक सहसा पळत नाही. म्हणून बळ लपवून मिळते थोडे आणि धोका मात्र वाढतो.

आता टेबलावरची तीन पाने बदलू. राजा आणि दोन दुऱ्या उघडल्या, तर माझे तीन राजे आणि दोन दुऱ्या असा भरला हात झाला. इतरांच्या हाती बहुधा काहीच नाही, बोली लावताच सगळे पाने टाकतील. इथे गप्प राहण्यात अर्थ आहे. फुकटच्या पानाने कुणाला एक्क्यांची किंवा राण्यांची जोडी जमली तर तो हुरळून पुढे येईल. त्याचा हात सुधारला तरी माझ्या खालीच राहण्याचा संभव फार मोठा. शिवाय पुढच्या फेरीत बोली दुप्पट होते. दोन चकत्यांवर पाणी सोडून चारांची वाट पाहणे हा सरळ व्यवहार आहे. तेव्हा हातचे राखण्यापूर्वी मी तीन गोष्टी विचारतो. माझा हात फुकटच्या पानाने सहसा हरणार नाही इतका भक्कम आहे का? बळ दाखवल्यास सगळे खरोखर पळतील का? आणि मधली रास अजून लहान आहे का? तिन्हींना 'होय' असे उत्तर क्वचितच येते.

संगणकावर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, दिसते ती फक्त सवय. भारी पाने आली की नेहमी गप्प बसणाऱ्याचे मौन दोन-चार संध्याकाळींत सर्वांना कळते. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोघांत खेळला जाणारा लिमिट पोकर संगणकाकडून जवळजवळ पूर्णपणे सोडवून घेतला. तो संगणक वाटपाच्या बाजूला असताना प्रारंभी मिळमिळीत चाल जवळपास करतच नाही. बोली वाढवतो, नाहीतर पाने टाकतो. मात्र त्याच पहिल्या फेरीत हाती दोन एक्के असले तरी शेवटची वाढ तो फारच क्वचित करतो. म्हणजे तोही काही राखतो, पण नेमक्या जागी.

आपल्या इतिहासातला याचा दाखला सर्वांना ठाऊक आहे. अफजलखान वाईला असताना शिवाजी महाराजांनी आपण भयभीत झाल्याचे त्याला भासवले, पंताजी गोपीनाथांकरवी बोलणी लांबवली आणि त्याला जावळीच्या रानात प्रतापगडाच्या पायथ्याशी आणले. बळ आधीच दाखवले असते तर खान तिथे उतरला नसता. मुख्य म्हणजे या विलंबाने खानाला काहीच मिळत नव्हते. जावळीकडे येणारे प्रत्येक पाऊल त्याची बाजू दुबळी करीत होते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी मूठ उघडली, आणि त्यानंतर महाराजांनी क्षणाचीही उसंत घेतली नाही. अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा हाती आला. आपण या कथेतील संयम लक्षात ठेवतो आणि हे अठरा दिवस विसरतो.

म्हणून वाटते, आपण बडोदेकरांनीही आपापल्या मुठींकडे एकदा पाहावे. कितीतरी जुन्या घरांत मोडी कागदांची बोचकी, सनदा आणि पत्रे 'योग्य वेळ आली की दाखवू' म्हणून पेटीत पडून असतात. वाटणीचा निर्णय मनात पक्का असतो, पण मुलांना सांगितलेला नसतो. एखाद्याविषयीचे कौतुक तर माणूस गेल्यावर शोकसभेतच बाहेर येते. हे हात भक्कम आहेत यात शंका नाही. पण प्रत्येक पावसाळ्यात वाळवीला एक पान फुकट मिळते. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत आणि साठी उलटलेल्यांच्या पुढे फेऱ्याही मोजक्याच आहेत. इथे आपल्या गप्प राहण्याने कुणाला भरीस पाडायचे आहे, याचे उत्तर मला सापडत नाही. या दिवाळीच्या साफसफाईत पेटी उघडावी, कागद उन्हात घालावेत आणि ज्याला वाचता येते त्याच्यापुढे ठेवावेत.