कागदाला बोट लावून बघा!

दोस्तांनो, खोडरबर कोरून ठसा तयार केला, स्टॅम्पपॅडवर टेकवला आणि कागदावर उठवला की झालं भेटकार्ड, असं वाटतं ना तुम्हाला? ठसा कोरायला आपण दोन-दोन तास बसतो. पणतीची ज्योत, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, सगळं कसं नीटनेटकं! आणि कागद? तो मात्र हाताला लागेल तो. कुणी चित्रकलेच्या वहीचं पान फाडतं, कुणी जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेतं. मग पणती उठते ती केसाळ सुरवंटासारखी. लग्नपत्रिकेवर ती सुंदर उठते खरी, पण संध्याकाळपर्यंत वाळतच नाही आणि बोट लागलं की फराटा! बरं, एवढं करून कार्ड टेबलावर उभं करावं तर ते लगेच साष्टांग नमस्कार घालतं.

आता यात ठशाची काय चूक? आणि कोरणाऱ्याची तरी काय? सगळी करामत कागदाची असते.

दसरा झाला की आमच्या घरी सोसायटीतली मुलं जमतात आणि आम्ही ठशांची कार्डं करतो. खूप वर्षांची सवय आहे ही. त्यामुळे कागद घ्यायला गेले की मी त्याला आधी तीन प्रश्न विचारते. कागद बोलत नाही, पण उत्तरं बरोबर देतो, बरं का!

पहिला प्रश्न : तुझं वजन किती?

दुकानात कार्डशीट मागितलं की दुकानदार विचारतो, ‘‘किती जीएसएमचा देऊ?’’ घाबरू नका. एक चौरस मीटर कागदाचं वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे जीएसएम. आता यातली गंमत ऐका. ए-फोर आकाराचे १६ कागद शेजारी शेजारी मांडले, तर बरोबर एक चौरस मीटर जागा भरते. म्हणजे ए-फोरचे १६ कागद स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके जीएसएम! झेरॉक्सचा साधा कागद ८० जीएसएमचा असतो, म्हणजे त्याचं एक पान भरतं ५ ग्रॅम. हा कागद कार्डासाठी फारच लेचापेचा. १६० च्या आतलं कार्ड उभं राहायला कुरकुर करतं. २०० ते २५० चं छान ताठ उभं राहतं. ३०० च्या वर गेलात तर घडी घालताना त्रास होतो आणि पोस्टाचं तिकीटही जास्त लागू शकतं.

ते कसं? साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ए-फोरचा अर्धा तुकडा घेऊन त्याची घडी घातली, तर २५० जीएसएमचं कार्ड भरतं साधारण ८ ग्रॅम. पाकिटाचे ५-६ ग्रॅम धरले तरी आपण टप्प्याच्या आत. पण ३०० जीएसएमचा अख्खा ए-फोर घडी घालून पाठवलात तर नुसतं कार्डच जवळजवळ १९ ग्रॅमचं! पाकिटासकट ते टप्पा ओलांडणार. तीस मित्रांना कार्डं पाठवायची असतील तर हा हिशेब आधी केलेला बरा.

दुसरा प्रश्न : तू शाई किती पितोस?

कागद म्हणजे वनस्पतीच्या बारीक तंतूंची जाळी. या जाळीतून शाई धावत सुटते, तिलाच आपण ‘शाई फुटली’ असं म्हणतो. ती फुटू नये म्हणून कागदाला खळ देतात. पूर्वी आपल्याकडे हाताने केलेल्या कागदाला तांदळाची किंवा गव्हाची खळ लावत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून घोटून तो चकचकीत करत. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला असा कागद होत असे. बोरूची शाई त्यावर फुटत नसे. कार्यानुभवाच्या तासाला तुम्ही ‘घोटीव कागद’ आणता ना? ते नाव असं त्या घोटण्यावरून आलेलं.

याच्या उलट टोकाला असतो आर्ट कार्डचा कागद. त्याच्यावर पांढऱ्या मातीसारखा गुळगुळीत थर असतो. छापखान्यातल्या छपाईला तो उत्तम, पण स्टॅम्पपॅडची साधी शाई कागदात मुरून वाळते. इथे मुरायलाच जागा नाही, मग ती वाळणार कशी? लग्नपत्रिकेवरचा फराटा आठवला?

म्हणून दुकानात एक नमुन्याचा तुकडा मागून घ्या. घरी येऊन त्यावर एकदा ठसा उठवा. दहापर्यंत आकडे मोजा आणि बोट फिरवा. कड स्वच्छ राहिली आणि बोटाला शाई लागली नाही, तर कागद पास! भेंडीचे किंवा बटाट्याचे ठसे आणि जलरंग वापरणार असाल तर पाणी जास्त असतं. तिथे कागद २०० जीएसएमच्या वरचाच घ्या, नाहीतर त्याला सुरकुत्या पडतात. आणि बटाटा कापल्यावर आधी फडक्याने टिपून घ्यायचा!

तिसरा प्रश्न : तुझी रेघ कुठल्या दिशेला?

कारखान्यात कागदाचा लगदा पळत्या जाळीवर पसरतो. त्यामुळे बहुतेक तंतू जाळी पळते त्या दिशेला तोंड करून झोपतात. लाकडाला जशी रेषा असते ना, तशीच कागदालाही असते. तुकडा हातात घेऊन आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवा. ज्या बाजूने तो सहज वाकेल, त्या दिशेला घडी घाला. उलट्या दिशेने घातलीत तर घडीवर तडे जातात आणि कागदाचे तंतू दाढीच्या खुंटांसारखे बाहेर येतात. घडीच्या जागी पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने आधी एक रेघ दाबून ओढलीत, तर घडी अगदी छापखान्यातल्यासारखी बसते.

आता तुम्ही म्हणाल, एका कार्डासाठी इतका खटाटोप? मलाही हे तीन प्रश्न म्हणजे नुसत्या नीटनेटकेपणाच्या गोष्टी वाटायच्या. कागद याहून मोठं काम करू शकतो, हे मला माझ्या आत्यामुळे कळलं.

आत्याला भेटकार्डांचं भारी वेड. दिवाळीत तिच्या बाहेरच्या खोलीत एक सुतळी बांधलेली असायची. आलेलं प्रत्येक कार्ड ती त्यावर अडकवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची. पुढे काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. त्या वर्षी कार्डं आली फक्त दोन, आणि तीसुद्धा ज्यांना तिच्या डोळ्यांचं ठाऊक नव्हतं त्यांची. बाकीच्यांनी विचार केला असणार, आता त्यांना काय दिसणार! आत्या कुणाला बोलली नाही. पण पुढच्या दिवाळीला तिने सुतळी बांधलीच नाही.

माझा भाचा तेव्हा सहावीत होता. तो म्हणाला, ‘‘मावशी, आत्याआजीसाठी बोटांनी बघायचं कार्ड करू या.’’

म्हणणं सोपं होतं. आधी आम्ही नेहमीच्या कार्डशीटवर शाईचा ठसा उठवला आणि डोळे मिटून बोट फिरवलं. काही कळेना! मग शाईशिवाय नुसता दाब देऊन उठाव काढायचं ठरलं. पातळ कागदावर उठाव आला, पण पाकिटात घातला की सपाट. जाड कार्डशीट दाबताना कडेला चिरलं. दोन थर चिकटवलेला कागद तर ओला करताच सुटायला लागला.

शेवटी आठवण झाली हातकागदाची. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला असा कागद माझ्या कपाटात होता. कापसाचे तंतू लांब आणि चिवट. ओला केला की हा कागद ताणला जातो, पण सहजी फाटत नाही. शिवाय तो बनवताना साचा चारी बाजूंनी हलवतात, म्हणून त्याच्यात तंतूंची एकच एक दिशा नसते. तो सगळीकडून सारखा दबतो.

भाच्याने जाड पुठ्ठ्यातून पणती कापली, तिच्यावर ज्योत, खाली ‘आत्याआजी’ ही अक्षरं, आणि सगळं दुसऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवलं. अक्षरं तो उलटी कापायला निघाला होता, कारण शाईच्या ठशात ती उलटीच कोरावी लागतात. मग स्वतःच थांबला. ‘‘अगं, इथे कागद वरून दाबायचाय. उठाव वरच्याच बाजूला येणार. म्हणजे अक्षरं सुलटी हवीत!’’ आहे की नाही डोकं?

हातकागद पाण्यातून काढून टिपून घेतला, पुठ्ठ्यावर ठेवला आणि चमच्याच्या पाठीने कडेकडेने हळूहळू दाबत गेलो. वर मऊ फडकं आणि वजन ठेवून रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी सोडवला, तर पांढऱ्या कागदावर पांढरी पणती! शाईचा ठिपकाही नाही.

आत्याने कार्ड हातात घेतलं. एकदा बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. ‘‘पणती,’’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, ‘‘ज्योत वाकडी आहे रे. वारा सुटलाय वाटतं?’’

‘‘हो! मी मुद्दाम तशी कापलीय!’’ भाचा जवळजवळ ओरडलाच.

आत्या हसली. खालची अक्षरं मात्र तिने बराच वेळ वाचली. एकेक वळण, एकेक काना. मग तिने विचारलं, ‘‘ती सुतळी कुठे ठेवलीय गं?’’

पुढच्या वर्षी कागद घ्यायला मी तिला अप्पा बळवंत चौकात घेऊन गेले. दुकानदार मला म्हणाला, ‘‘ताई, यांना त्या स्टुलावर बसवा, तुम्ही माल बघा.’’ आत्या बसली नाही. तिने हात पुढे केला. ‘‘द्या इकडे.’’

त्याने पाच नमुने ठेवले. आत्याने प्रत्येक तुकडा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घासला, कानाजवळ नेऊन हलवला, कडेला नख लावलं. ‘‘हा एकाच बाजूने गुळगुळीत आहे. हा नुसता फुगलेला, दाबला की बसतो. याचे दोन थर आहेत, सुटतील. आणि हा,’’ तिने चौथा तुकडा दोन्ही दिशांनी वाकवून पाहिला, ‘‘हा ताठ आहे, आवाज कडक आहे आणि उभा छान वाकतो. हा घ्या.’’

मी मागे छापलेले आकडे वाचले. तिने निवडलेला होता २५० जीएसएमचा, थर न दिलेला, अगदी मला हवा तोच! दुकानदार आता माझ्याशी बोलेचना. ‘‘काकू, हा नवीन आलाय, हा बघा.’’

‘‘बघते की,’’ आत्या म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरच्या कार्डांचा कागद तीच निवडते. मुलं तुकडे घेऊन तिच्यापुढे रांग लावतात. पास-नापास तीच ठरवणार!

तर दोस्तांनो, थोडक्यात लक्षात ठेवा. खोडरबराचा बारीक ठसा आणि स्टॅम्पपॅड असेल, तर २०० ते २५० जीएसएमचं, थर नसलेलं गुळगुळीत कार्डशीट. भेंडी-बटाट्याला त्याच वजनाचा, जरा खरखरीत ड्रॉइंगचा कागद. उठावाच्या कामाला हातकागद. खाऊचे पैसे कमी असतील तर जवळच्या छापखान्यात जाऊन कापलेल्या कडांचे तुकडे मागा. त्यांतून कार्ड झालं नाही, तर नावाच्या चिठ्ठ्या नक्की होतात. आणि नवा रंग, नवा ठसा आधी तुकड्यावरच करून पाहा.

मग यादी करायला बसा. आपण कार्ड पाठवायचं थांबवलंय असं घरात, नात्यात, शेजारी कुणी आहे का, हे आईबाबांना विचारा. त्यांचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा. कागद त्यांना शोभेल असा निवडा. आणि हो, पोस्टात टाकण्याआधी पाकिटाचं वजन करायला विसरू नका!