बाबांची सीट आणि वीस अँपिअरचा फ्यूज

आई-बाबा या हिवाळ्यात तुमच्याकडे येणार असतील आणि तुमची गाडी माझ्यासारखीच जुनी असेल, तर हे जरा शेवटपर्यंत वाचा. थोडं लांबलंय, पण काय झालं ते नीट सांगितल्याशिवाय उपयोग नाही.

आम्ही एश्बॉर्नला राहतो. फ्रँकफर्टला चिकटून असलेलं छोटं गाव, तिथल्यापेक्षा व्यापारकर कमी म्हणून ऑफिसांनी भरलेलं. माझ्यासारख्या सीएला इथे कामाचा तोटा नाही. ऑफिसला मी चालत जाते, त्यामुळे गाडी लागते ती शनिवार-रविवारी. २००७ची, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोष कंपनीचा नाही, गाडीच्या वयाचा आहे.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या बाजूची, म्हणजे ड्रायव्हरची सीट गरम होईनाशी झाली. सीट काढून आत बघायचेच वर्कशॉपवाले बरेच पैसे सांगत होते. म्हटलं, आधी आपणच बघू. बॅलन्सशीट जुळत नसेल तर जे करतो तेच, एकेक आकडा बाजूला काढायचा. दोन्ही सीटना एकच फ्यूज आहे आणि शेजारची सीट गरम होतेय, म्हणजे फ्यूज चांगला. बटणाचा दिवा लागतोय, म्हणजे बटणापर्यंत वीज येतेय. राहिली सीटखालची वायर आणि सीटच्या आतली हीटरची गादी.

इथे एक महत्त्वाचं. सीटखाली पिवळी वायर किंवा पिवळं कनेक्टर दिसलं तर हात लावू नका. ते एअरबॅग आणि सीटबेल्टचं असतं. चुकून सुटलं आणि इग्निशन चालू केलं, तर एअरबॅगचा दिवा लागून बसतो, आणि तो लागलेला असताना टीयूव्हीच्या तपासणीत गाडी पास होत नाही. माझ्या गाडीत हीटरचं कनेक्टर वेगळं होतं म्हणून मी धजावले. तुमच्यात सगळं एकाच मोठ्या कनेक्टरमध्ये असेल तर सरळ वर्कशॉपला द्या.

बाउमार्क्टमधून साधा मल्टिमीटर आणला. इग्निशन बंद करून, कनेक्टर काढून रेझिस्टन्स मोजला. शेजारच्या सीटचा १.९ ओहम. माझ्या सीटचा आकडाच येईना, म्हणजे आतली तार तुटलेली. ही तार बहुतेक वेळा आपणच तोडतो, सीटवर गुडघा टेकून मागच्या मुलाला बेल्ट लावताना. मी नऊ वर्षं हेच केलंय. १२ व्होल्टला १.९ ओहमने भागलं की सहा अँपिअरच्या थोडं वर, म्हणजे साधारण ७६ वॉट. पूर्वीच्या साठच्या बल्बपेक्षा जास्त उष्णता, आणि ती थेट मांडीखाली. हे गणित तेव्हा मी फक्त मजा म्हणून केलं होतं.

निष्कर्ष काढला: माझी सीट गेली, शेजारची ठणठणीत. डिसेंबरात आई-बाबा सांगलीहून आले तेव्हा साहजिकच चांगली सीट बाबांना.

बाबांना बावीस वर्षं डायबेटिस आहे. पायांना मुंग्या येतात, चपला निसटल्या तरी कळत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि गाडी चालवताना आठवणं यात फरक आहे, एवढंच म्हणते. बर्फ बघायला आम्ही ग्रोसर फेल्डबर्गला गेलो. बटण मीच तीनवर नेलं. येताना अख्खं फ्रँकफर्ट घसरगाड्या घेऊन त्याच रस्त्यावर, सव्वा तास लागला. मध्ये एकदा मी विचारलंही, "बाबा, गरम होत नाही ना जास्त?" ते म्हणाले, "छान ऊब आहे गं. असू दे."

रात्री आईला त्यांच्या मांडीच्या मागे तळहाताएवढा लाल चट्टा दिसला. सकाळी त्यावर दोन फोड. डॉक्टरबाईंनी पाहिल्या पाहिल्या विचारलं, गरम पाण्याची पिशवी घेतली होती का? मी म्हटलं नाही, गाडीची सीट. त्यांनी मान हलवली, त्यांना नवल वाटलं नाही. जखम भरायला साडेतीन आठवडे लागले, बाबांचं परतीचं तिकीट पुढे ढकलावं लागलं. (इन्शुरन्सबद्दल वेगळं लिहीन. व्हिसासाठी तीस हजार युरोचं कव्हर लागतं म्हणून सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेऊ नका, अटी वाचा.)

भाजायला उकळतं पाणी लागतं असं आपल्याला वाटतं. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली दाखवलंय की कातडीला ४४ अंश सलग मिळाले तर सहा तासांत ती भाजते, आणि पन्नासच्या आसपास काही मिनिटंच पुरतात. तुम्ही-मी त्याआधीच चुळबुळ करतो, बटण बंद करतो. ज्याच्या नसा बधिर झाल्यात तो "छान ऊब आहे" म्हणतो.

त्या रविवारी मी पुन्हा मीटर घेऊन बसले. सीटवर घडी घातलेलं ब्लँकेट, त्याखाली स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर, वर तांदळाची दहा किलोची पिशवी. तीनवर अर्धा तास. ५४ अंश, आणि आकडा अजून चढतोच आहे. मग बंद करून लगेच रेझिस्टन्स मोजला. माझ्या गाडीत गादीच्या आतच थर्मोस्टॅट आहे. सीट पुरेशी तापली की त्याने सर्किट तोडायला हवं, म्हणजे आकडा दिसायला नको. दिसला. १.९. थर्मोस्टॅटचा संपर्क चिकटून बसला होता. नवीन गाड्यांत सेन्सर आणि कंट्रोलर असतो, तिथे ही मीटरची चाचणी चालणार नाही. थर्मामीटरची मात्र कुठल्याही गाडीत चालते.

म्हणजे नोव्हेंबरात मी थंड सीट मोजली आणि पास केली. जी बंद पडली होती तिच्यामागे दोन शनिवार घालवले. ती बिचारी निरुपद्रवी होती. वीस वर्षं ऑडिट करून ही चूक माझ्या हातून झाली याची मला आजही लाज वाटते.

अजून एक लाजेची गोष्ट. ग्लव्हबॉक्समधली जर्मन पुस्तिका मी कधी उघडली नव्हती. त्यात हीटरच्या पानावर सुरुवातीलाच इशारा आहे: ज्यांना वेदना किंवा उष्णता कमी जाणवते त्यांनी वापरू नये. कंसात डायबेटिसचं नाव आहे.

त्याच संध्याकाळी मी फ्यूज उपटला. नुसतं बटण बंद ठेवून भागत नाही, घरात मुलं आहेत आणि आजोबांना थंडी वाजेल म्हणून ती प्रेमाने बटण दाबतात. फ्यूजवर दुसरं काही चालत नाही ना, ते आधी पुस्तिकेत बघा. दोन्ही गाद्या बदलायचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा येतोय. शिवाय पुढच्या सीटमध्ये कोणी बसलंय का हे ओळखणारा सेन्सरही असतो, त्यामुळे घरी करायचं काम नाही. मी बदलत नाहीये. दोन लोकरी ब्लँकेटं गाडीत टाकलीत.

आईने मला बोल लावला नाही. त्याचं जास्त वाईट वाटलं. बाबा मात्र दर रविवारी फोनवर विचारतात, "सीट झाली का गं दुरुस्त?" मी नाही म्हणते. मग ते म्हणतात, "अगं, माझ्यामुळे तू थंडीत कशाला बसतेस?" फ्यूज माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरच्या पिनांशेजारी. पिवळा, वीस अँपिअरचा.