दोन सह्यांचं घर

आमचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून घटस्फोटाचाही प्रश्न नव्हता. कोर्टाची तारीख नाही, हुकूम नाही. पुण्याच्या फ्लॅटवर मात्र दोघांची नावं होती आणि गृहकर्जावर दोघांच्या सह्या. तो राहायला दुसरीकडे गेला, त्या महिन्यातही पाच तारखेला हप्ता कापला गेला.

बँकेला अर्धा हप्ता ठाऊक नसतो. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे ती पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते, आणि हप्ता चुकला की सिबिल दोघांचा घसरतो. म्हणून बोलणं तुटण्याआधी एवढं लिहून घेतलं, की कागद होईपर्यंत आपापला वाटा खात्यात भरायचा. त्याने तो शब्द पाळला, हे मला सांगायलाच हवं.

दिवाळीत पिंपळनेरला गेले. आईने एवढंच विचारलं, "आते ते घर कोनं शे?" मला उत्तर देता येईना. वडील कांद्याची प्रत्येक पट्टी वर्षानुवर्षं जपून ठेवणारे. म्हणाले, "कोणी किती घातले ते आधी मांड." ओट्यावर बसून बँकेचे उतारे काढले. सुरुवातीची मोठी रक्कम त्याची, नंतरचे बरेचसे हप्ते माझे. खरेदीखतात हिस्से लिहिलेले नव्हते. अशा वेळी १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा मानतो. पुरावा नसेल तर निम्मा-निम्मा. आकडे त्याला पाठवले. दोन ठिकाणी त्याचं म्हणणं बरोबर होतं, ते मान्य केलं. त्याचा हिस्सा मी विकत घ्यायचा ठरलं.

खरा घाव मुद्रांक शुल्काने घातला. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर शुल्क २०० रुपये. आम्ही कायद्याच्या लेखी परके, म्हणून त्याच्या हिश्श्यावर बाजारभावाने पूर्ण शुल्क. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलेल्या माणसांना सरकारने अनोळखी खरेदीदार ठरवावं, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

एकटीच्या पगारावर बँक कर्ज ठेवायला तयार नव्हती. धुळ्याचा भाऊ सहकर्जदार झाला, तेव्हा मंजुरी आली. दुय्यम निबंधकांकडे दस्त झाला, त्याला त्याचे पैसे मिळाले. कर्जातून त्याचं नाव कमी केल्याचं पत्र मात्र मी बँकेकडून लेखी मागून घेतलं. नुसत्या दस्ताने त्याची कर्जाची जबाबदारी सुटत नाही. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून दोघांची नावं आहेत. अर्ज दिला आहे, कमिटीच्या पुढच्या बैठकीत तो येईल.