तिसरा माज

निपाणीहून मी बंगळुरूला आलो तो पीनियातल्या एका कारखान्यात लेथ चालवायला. बावीस वर्षांनी ते काम सुटलं आणि दोड्डबळ्ळापूर रस्त्याला अर्धा एकर भाड्याने घेऊन डुकरं पाळायला लागलो. आईला फोनवर नुसतं ‘जनावरं घेतलीत’ म्हणालो. कसली, हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला माप हाती आलं की काम झालंसं वाटतं. माझी पहिली मादी त्या खोडीपायी वाया गेली. काटा नव्हता, म्हणून शिंप्याच्या टेपने मोजायचो. पुढच्या पायांमागे छातीचा घेर, कानांच्या मधोमधून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, गुणिले 69.3. घेर 1.10 आणि लांबी 1.20 आली, म्हणजे शंभर किलो. विकणाऱ्याने सांगितलेलं वय मी खरं धरलं होतं. हॉटेलातला उरलेला भात, इडल्या, सांबार, सगळं पिंपात उकळून घालत होतो. त्यावर ती चांगली टरारली होती. एका सकाळी तिचं निरण लाल, सुजलेलं दिसलं. दुपारी शेजारच्या शेडमधला नर आणून मी तिला भरवून मोकळा झालो.

पाच पिल्लं झाली. त्यातलं एक रात्री तिच्याच अंगाखाली चेंगरलं. पिल्लं तोडल्यावर मादी साधारण आठवड्याभरात पुन्हा माजावर येते. ही दीड महिना आलीच नाही. ढुंगणाची हाडं वर आली होती. शेवटी कटाईला दिली.

हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक डॉक्टर आमच्या भागात यायचे. त्यांनी विचारलं, ‘‘माज कितवा होता?’’ माज मोजायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. पहिल्या माजाला बीजं कमी सुटतात, दुसऱ्या-तिसऱ्याला वाढतात. शिवाय त्या वयात मादीचं स्वतःचं अंग भरत असतं. त्यात गर्भ आला, मग दूध आलं, की ती आतून झिजते. वजन हवंच, पण ते भाताचंही असू शकतं.

पुढच्या खेपेला हेसरघट्ट्याच्या सरकारी वराह केंद्रातून चार यॉर्कशायर पिल्लं आणली, जन्मतारखेसह. मदतीला एक अज्जा ठेवले. त्यांनी चौघींना उताणं करून सड मोजले. एकीला अकराच निघाले, त्यातले दोन आत दबलेले. ती तिथेच बाद. साडेपाच महिन्यांच्या झाल्यावर उरलेल्या तिघींना रोज सकाळी पंधरा मिनिटं वयस्कर नर कुंपणापलीकडून दाखवायचा आणि परत न्यायचा. तो कायम शेजारी असला तर त्याची सवय होते आणि उपयोग राहत नाही. त्याच्या तोंडाच्या फेसाला एक उग्र वास असतो. तो माझ्या शर्टाला लागला की बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची.

शेडच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलं. 1 मेच्या लाल चौकोनात पहिली फुली पडली. एक मादी खायचं सोडून गजांशी उभी होती. अज्जांनी मला तिच्यामागे उभं केलं आणि पाठीवर दोन्ही तळवे दाबायला लावले. एरवी हात लागला की किंचाळत पळणारी ती, चार खांबांच्या टेबलासारखी उभी राहिली. पाय ताठ, पाठ किंचित कमानदार, कान टवकारून उभे. (लँडरेसचे कान डोळ्यांवर पडलेले असतात, त्यांच्यात हे कळत नाही.) मी नराच्या दिशेने पाहिलं. अज्जा म्हणाले, ‘‘इन्नू चिक्कदु.’’ अजून लहान आहे.

हात परत घेणं जड गेलं. एका माजामागे एकवीस दिवसांचा खुराक वाया जातो, आणि तो हिशेब मला तोंडपाठ होता. 22 मेला दुसरी फुली. त्यानंतर आठवड्याने तिचा खुराक वाढवला, भात कमी करून पेंड आणि मका जास्त. दुसरी मादी तिच्यामागून चार दिवसांनी चालत होती. तिसरी साडेआठ महिन्यांची झाली तरी माजावर आली नाही. ती विकली, आणि या वेळी वाईट वाटलं नाही.

12 जूनला पहाटे पहिली पुन्हा तशीच उभी राहिली. वय आठ महिने, घेर 1.18, लांबी 1.28, वजन 123 किलो. कोवळ्या मादीचा माज जेमतेम दीड-दोन दिवस टिकतो. त्याच संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या सकाळी एकदा भरवली. 3 जुलैला पाठ दाबली तर अशी ओरडत पळाली की पाण्याची बादली उलटली. ती स्वतः उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही.

डुकरीण 114 दिवस गाभण असते. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असं अज्जा बोटांवर सांगतात. 4 ऑक्टोबरला रात्री अकरापासून पहाटे दोनपर्यंत दहा पिल्लं झाली. सड चौदा होते. दहाही जगली.