पक्कं बसवून द्या

९ मे

पारा पंचेचाळिशीपार. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चहाइतकं तापतं, आणि त्या पाण्यात दातांच्या मापाचं अल्जिनेट कालवलं तर ट्रेमध्ये भरेपर्यंतच ते घट्ट व्हायला लागतं. म्हणून मार्च ते जून फ्रिजमध्ये पाण्याची एक बाटली फक्त मापासाठी ठेवलेली असते. पोरांना तिला हात लावायची बंदी.

अल्जिनेटची सगळी करामत एका उशिरात आहे. समुद्री शेवाळापासून काढलेलं सोडियम अल्जिनेट आणि कॅल्शियम सल्फेट एकत्र आले की पाण्यात लगेच जेली व्हायला हवी. पण पावडरीत थोडं ट्रायसोडियम फॉस्फेट घातलेलं असतं. कॅल्शियम मोकळं होईल तसं आधी ते गिळून टाकतं. ते संपलं की मगच जेली धरते. आम्हाला कालवायला, भरायला, तोंडात बसवायला जो वेळ मिळतो तो या फॉस्फेटच्या कृपेने. ऊन वाढलं की तोही आटतो.

दुसऱ्या महायुद्धाआधी मापं अगारमध्ये घेत, आणि अगार यायचं मुख्यतः जपानहून. युद्धात ती वाट बंद झाली आणि अल्जिनेट पुढं आलं.

लॅब नागपूरला. माप तसंच बसने पाठवायचं म्हटलं तर पोचेपर्यंत ते पाणी सोडून आकसणार. पाण्यात बुडवून पाठवलं तर फुगणार. त्यामुळे दगडी प्लास्टरचा साचा इथेच, दहा-पंधरा मिनिटांत ओततो. नागपूरला जातो तो दगड.

१४ मे

पलीकडच्या गावचे आजोबा कवळी घेऊन आले. बसत नाही, हलते, म्हणाले. सुनेने स्वच्छतेसाठी उकळत्या पाण्यात टाकली होती. अ‍ॅक्रिलिक तेवढ्या उष्णतेला मऊ पडून वाकडं होतं आणि थंड झाल्यावर तो वाक तसाच ठेवतं. सुनेला बोलावून सांगितलं: गार पाणी, मऊ ब्रश, रात्री पाण्याच्या वाटीत. कवळी वाळू द्यायची नाही. हे अ‍ॅक्रिलिक थोडं पाणी पिऊन किंचित फुगतं आणि बनवताना झालेल्या आकसण्याची त्यातून थोडी भरपाई होते.

ते आकसणं लहान नाही. नुसतं मोनोमर, म्हणजे कवळीच्या मिश्रणातला द्रव, घट्ट केलं तर त्याचं घनफळ २१ टक्क्यांनी घटतं. आधीच घट्ट झालेली पावडर तीन भाग आणि द्रव एक भाग घेतला की हे ७ टक्क्यांच्या आसपास येतं. शिजवायचंही हळू. मोनोमर सुमारे १०० अंशांना उकळतं. घाईने एकदम उकळी आणली की कवळीच्या जाड भागात बुडबुडे अडकतात. हिरडीच्या गुलाबी रंगाखाली ते दिसतात. एका लॅबकडून अशा कवळ्या आल्या, तेव्हा त्या लॅबला काम देणं बंद केलं.

अ‍ॅक्रिलिक आलं १९३७ च्या सुमाराला. त्याआधी व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. त्याच्या पेटंटवरून अमेरिकेत एक कंपनी दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे वसूल करायची, न देणाऱ्यांना कोर्टात खेचायची. १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युएल चॅलफंट नावाच्या दंतवैद्याने त्या कंपनीच्या जोसाया बेकनला हॉटेलात गोळी घातली. डेंटल मटेरियल्स हा विषय रटाळ आहे असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना हे पहिल्या तासाला सांगायला हवं.

१७ जून

पाऊस लागला. प्लास्टरच्या डब्यात गुठळ्या. हवेतली ओल खाऊन पावडर आधीच अर्धवट जमते, आणि मग ते प्लास्टर कधी झटकन धरतं, कधी धरतच नाही. उरलेलं फेकून दिलं. नवीन पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात.

मदतनीस मुलगा नवा आहे. पाणी जास्त घातलं की ओतायला सोपं जातं हे त्याला दोन दिवसांत कळलं. रासायनिक हिशोबाने १०० ग्रॅम पावडरीला पाणी लागतं १८.६ मिलिलिटर. पण तेवढ्यात ते कालवताच येत नाही. साध्या प्लास्टरला ४५ ते ५० घालावं लागतं, दगडी प्लास्टरला ३० च्या आत भागतं, कारण त्याचे कण घट्ट आणि गुळगुळीत असतात. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि आपली जागा पोकळ ठेवून जातं. तेवढाच साचा कच्चा. त्याला मोजपात्र आणि वजनकाटा काढून दिला. डोळ्यांच्या अंदाजाने मी स्वतःही ओतत नाही.

२६ जून

दुपार एकाच काकूंनी खाल्ली. दाढेत जुनी चांदी, बावीस वर्षांपूर्वीची, माझ्या आधीच्या डॉक्टरांनी भरलेली. मोबाइलवर आलेला संदेश दाखवला: यात पारा आहे, ताबडतोब काढा.

पारा आहेच, वजनाच्या जवळजवळ निम्मा. पण तो बाटलीतला मोकळा पारा नव्हे. चांदी, कथील, तांबं यांच्याशी संयोग होऊन तो बांधला जातो. चावताना अत्यल्प वाफ सुटते, हे खरं. ती सर्वांत जास्त सुटते भरताना आणि ड्रिलने काढताना. म्हणजे भीतीपोटी चांगली चांदी काढायला जावं, तर ज्याची भीती तेच तोंडात उडवायचं. पाऱ्याबाबतचा मिनामाता करार २०१३ चा, अंमल २०१७ पासून, भारतही त्यात आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही अपवाद सोडून ही चांदी भरणं बंद केलं. त्यामागचं मोठं कारण दवाखान्याच्या मोरीतून नदीत आणि स्मशानातून हवेत जाणारा पारा हे आहे. ते मला पटतं, मीही नवीन भरत नाही. पण शाबूत असलेली जुनी उपटणार नाही.

काकूंच्या दाढेची कड आरशात बघत बसलो. दात एक अंश तापला की मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढतो, चांदी २५. पाच मिलिमीटरचं भरण आणि गरम चहा ते बर्फगोळा असा ४० अंशांचा फरक धरला तर दोघांत जवळपास तीन मायक्रॉनची तफावत पडते. प्रत्यक्षात उष्णता इतक्या वेळात आतपर्यंत पोचत नाही, तरी जिवाणू एखाद मायक्रॉनचा असतो हे विसरून चालत नाही. मग बावीस वर्षं कीड का लागली नाही? कारण ही चांदी कडेला गंजते, आणि तो गंजच फट बुजवतो. गंजण्यामुळे टिकणारा दुसरा पदार्थ मला माहीत नाही. कथील-पाऱ्याचा कच्चा भाग मात्र जास्तच गंजायचा, म्हणून १९६० नंतर तांबं वाढवलेले मिश्रधातू आले.

काकू म्हणाल्या, "मग ठेवू का?" ठेवा म्हटलं. तपासायचे पैसे घेतले नाहीत, तरी नाराजच गेल्या.

४ जुलै

बोअरचं पाणी पिणाऱ्या गावची मुलगी, अकरावीतली. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे. फ्लोराइड. या जिल्ह्यात याचं कुणाला नवल नाही, पण तिला फोटोत ओठ मिटून हसायचा कंटाळा आला आहे.

पट्टे झाकणारं कॉम्पोझिट दाताला धरून ठेवायचं तर आधी एनॅमल आम्लाने खरवडायचं. १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी हे दाखवलं. कारखान्यात रंग नीट बसावा म्हणून धातूला फॉस्फोरिक आम्ल लावतात, त्यावरून त्यांना सुचलं. त्यांनी ८५ टक्क्यांचं आम्ल वापरलं, आम्ही ३७ चं. एरवी पंधरा ते तीस सेकंद पुरतात. फ्लोराइडने माखलेलं एनॅमल आम्लाला दाद देत नाही, तिथे वेळ वाढवावा लागतो. धुऊन वाळवल्यावर खडूसारखा पांढरा रंग दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. आज दिसायला बराच वेळ लागला.

नंतर निळा लाइट. कॉम्पोझिटही घट्ट होताना दोन-तीन टक्के आकसतं. म्हणून दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर नाही, आणि एक थर शक्यतो समोरासमोरच्या दोन भिंतींना एकदम चिकटवायचा नाही. नाही तर तो दोन्हीकडून ओढतो आणि कुठून तरी सुटतो.

११ जुलै

ट्रॅक्टरवाला. खर्रा तोंडात, ताट-वाटीच्या दुकानात असल्यासारखा थाट. "डॉक्टर साहेब, पक्कं बसवून द्या, पुन्हा यायचं काम नाही पडलं पाहिजे. ते झिर्कोनियाच टाका."

झिर्कोनिया पक्कं आहेच. पोर्सिलेनमध्ये चीर सुरू झाली की ती धावते. झिर्कोनियात चिरेच्या टोकाशी असलेले कण आपली रचना बदलतात, सुमारे चार टक्क्यांनी फुगतात आणि चीर आवळून धरतात. लॅबमध्ये कॅप मुद्दाम मोठी कोरतात, दीड हजार अंशांच्या आसपास भाजल्यावर ती वीस-पंचवीस टक्के आकसून मापात येते. समोरचा दात ते खातं अशी जुनी भीती आहे. घासून चकचकीत केलेलं झिर्कोनिया पोर्सिलेनपेक्षाही कमी खातं. दोष खरखरीतपणाचा असतो, कडकपणाचा नाही.

पण याच्या दाढेचा खालचा भाग डेंटिनचा. ताठपणा १८ गिगापास्कल. वरचं एनॅमल ८४, झिर्कोनिया २००. सुपारी फोडताना कॅप फुटणार नाही, त्याखालचं मूळ फुटेल. आणि खर्ऱ्याने तोंड आताच दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. मापाचा ट्रे आत जाईना. आधी खर्रा, मग कॅप, म्हटलं. रागावला. पुढच्या आठवड्यात येतो म्हणून गेला. येईल असं वाटत नाही.

२० जुलै

आश्रमशाळेत तपासणी. वीज नव्हती, ती लागलीही नाही. कीड चमच्यासारख्या हत्याराने खरवडायची आणि ग्लास आयनोमर भरायचं. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी १९६९ च्या सुमाराला काढलेलं हे सिमेंट ताकदीत चांदी आणि कॉम्पोझिटहून कमी. पण ते दातातल्या कॅल्शियमला थेट धरतं, तापल्यावर जवळजवळ दाताएवढंच वाढतं, थोडं फ्लोराइड सोडत राहतं. दुधाच्या दाढेला याहून जास्त कशाला हवं?

पहिल्या काही मिनिटांत लाळ लागली की वाया जातं, म्हणून वर व्हॅसलीनचा हात. चौथीतल्या एका पोराने विचारलं, हे तूप आहे का. नाही म्हटल्यावर पुढच्या सगळ्या रांगेला तो तेच सांगत सुटला: तूप नाही, गिळू नका.

पावडरची बाटली संपली, द्रव उरला. नेहमी उलटं होतं. उद्या मागवायची.