कबुलीचे कुपन

नामपल्लीच्या फौजदारी न्यायालयांच्या आवारात आमची वीस वर्षे गेली. “वेगाचा खटला ना? कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा,” हा सल्ला देताना आम्ही हल्ली कागदावरून मानही वर करीत नसू. तोच सल्ला आम्ही आमच्या मामांना दिला आणि फसलो.

मामा नांदेडचे, सेवानिवृत्त शिक्षक. एका लग्नासाठी मोटारीने हैदराबादेस येऊन गेले. मागाहून समन्स आले, की गाडी मर्यादेबाहेर वेगाने हाकली. मामा म्हणत, त्या घटकेला गाडी मंडपाच्या दारात उभी होती. वरमाईपासून भटजींपर्यंत सारे साक्षी! त्यांनी आम्हांला फर्मावले, “मी अपराध केला नाही, एवढे पत्र टपालाने कोर्टाला धाडून दे.”

आम्ही त्यांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे २०८ वे कलम समजावून दिले. अशा खटल्यांत समन्सावरच दोन वाटा लिहिलेल्या असतात. स्वतः अथवा वकिलामार्फत हजर राहावे. किंवा सुनावणीपूर्वी नेमलेली रक्कम मनिऑर्डरने पाठवून तिच्या कुपनावरच अपराध कबूल करावा. म्हणजे ‘होय’ टपालाने जाते. ‘नाही’ म्हणायला मात्र न्यायालयात कोणीतरी उभे राहावे लागते. “मामा, येण्याजाण्याचा खर्च दंडाहून अधिक होईल,” आम्ही म्हणालो.

“अरे, मग न केलेले केले म्हणून लिहू? चाळीस वर्षे मुलांना खरे बोला म्हणून सांगितले, ते कशाला?”

आम्ही निरुत्तर झालो. कलमातील ‘वकिलामार्फत’ हा शब्द आमच्या पोटापाण्याचा. तरी तो आम्हांला तेव्हा नव्याने दिसला. मामांनी वकालतनामा सही करून टपालाने पाठविला आणि आम्ही उभे राहिलो.

कोणा एकाच साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर वेगाचा गुन्हा शाबीत होत नाही, यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाचा आधार लागतो, असे १८३ वे कलम सांगते. येथे यंत्र होते, छायाचित्रही होते. आम्ही ते मागवून पाहिले. गाडी दुसरीच! पाटीवरचा ३ कोणीतरी ८ वाचला होता. मामा सुटले.

परंतु कबुली देऊन मोकळे झालेल्या आमच्या इतर पक्षकारांत असे ३ चे ८ किती असतील? आम्ही त्यांना कधी विचारलेच नव्हते.

पुढच्याच आठवड्यात एक रिक्षावाला तसेच समन्स घेऊन आला व म्हणाला, “साहेब, किती भरू?” आम्ही खुर्ची पुढे केली आणि म्हटले, “आधी बसा. त्या दिवशी काय झाले, ते सांगा.”