वाशिष्ठी, भरतीच्या हिशेबाने

२६ जानेवारी २०२४, तवसाळ

रत्नागिरीहून सकाळच्या एसटीने जयगड आणि शास्त्रीच्या मुखावरून फेरीबोटीने तवसाळ. बोटीत दोन टेम्पो, मोटारसायकली, झेंडावंदनाहून परतणारी मुलं. फेरीबोट खाडी आडवी ओलांडते. मला वाशिष्ठी उभी चढायची आहे, दाभोळपासून गोवळकोटपर्यंत, सुमारे ४० किलोमीटर.

२७ जानेवारी, दाभोळ

धोपाव्याहून फेरीने आले. ही फेरी २००३ पासून आहे. खाडीतून वर जाणारी प्रवासी बोट मात्र आता नाही. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात याच बंदरातून परतीच्या गलबतावर चढला. पुढे पोर्तुगीजांनी १५०८च्या डिसेंबरअखेर दाभोळ जाळलं, तरी खाडीची वाट चालूच राहिली. आगबोटींच्या काळात चिपळूणकर गोवळकोटहून लहान लाँचने इथे येत आणि मुंबईची बोट धरत. रस्ते झाले, मग रेल्वे आली आणि ही वाट सुटली.

जेटीवर चौकशी करता करता एक जोडपं भेटलं. आपली जुनी होडी त्यांनी गोवळकोटच्या एकाला विकली आहे, ती पोचवायला उद्या निघणार. मला घेतील का विचारलं. मामी म्हणाल्या, "बसायला गादी नाय हां ताई." मामांनी भरतीचा हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ. उद्या वद्य तृतीया, म्हणजे सव्वादोन. भरतीच्या पाण्याबरोबर वर जायचं तर नवाला निघायला हवं.

२८ जानेवारी, होडीत, रात्री

निघालो बाराला. इंजिन सुरूच होईना. तीन तास मामा त्याच्याशी झटत होते आणि आम्ही चढतं पाणी बघत होतो.

होडीत छप्पर नाही. बसायला एक आडवी फळी, पायाखाली डिझेल मिसळलेलं पाणी, पाठीला जाळ्यांचा ढीग. इंजिनाचा आवाज एवढा की बोलायचं ते हातवाऱ्यांनी. पाठीवरची पिशवी मांडीवर घेऊन बसले, तासाभरात कमरेखाली बधिर झाले. आडोसा कुठे मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून सकाळपासून पाणी घोटघोटच पीत होते. बायकांच्या प्रवासातला हा त्रास कुठल्याच प्रवासवर्णनात नीट लिहिलेला मी वाचलेला नाही, म्हणून इथे लिहिते. शेवटी मामींनी घमेलं पुढे केलं आणि जुन्या लुगड्याचा पडदा धरला. मामा सुकाणाशी पाठमोरे उभे राहिले. त्या दोघांनी ते इतक्या सहज केलं की मला लाज वाटायला जागाच उरली नाही.

दोन्ही काठांना कांदळवन, मध्ये खाजणं. एका चिखलाच्या उतारावर मगर पडली होती. मामी तिला सुसर म्हणतात. तोंड उघडं, हालचाल नाही. मी श्वास रोखून बघत होते, मामी जाळ्याचं भोक विणत होत्या. मासे कमी झाल्याचं दुःख त्यांना सुसरीच्या भीतीपेक्षा मोठं आहे. "वरून कारखान्यांचं पाणी येतं नि मासे मरून वर तरंगतात. पोरांना कसं सांगू, ह्याच धंद्यात राहा?"

पाचच्या सुमारास होडी गाळात बसली. भरती केव्हाच उतरायला लागली होती. मामांनी इंजिन बंद केलं, बांबू घालून खोली पाहिली आणि म्हणाले, "आता नाय जायची. पाणी येईल तेव्हा."

उतरावं तर मांडीपर्यंत चिखल, आणि मघाची ती सुसर डोक्यातून जात नव्हती. पाणी ओसरत गेलं तशी होडी एका अंगाला कलली. फळीवर बसणं अशक्य झालं, मग जाळ्यांवर तिरके पडून राहिलो. काळोख झाला आणि डास आले. कान, पापण्या, मोज्यांच्या आत. वर दव पडायला लागलं, कपडे ओले झाले. मामींनी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी तिघांत वाटली. साडेआठनंतर चंद्र उगवला तेव्हा कुठे काठ दिसायला लागले. हे मी त्याच उजेडात, विजेरी डासांमुळे न लावता, वेडंवाकडं लिहिते आहे.

मामा झोपले आहेत. सुकती संपून पाणी परत फिरल्याशिवाय करण्यासारखं काहीच नाही, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

२९ जानेवारी, गोवळकोट

अकराच्या पुढे होडी सरळ झाली, मग हलकेच उचलली गेली. दीड वाजता गोवळकोटच्या धक्क्याला लागलो. होडी घेणाऱ्यांच्या ओटीवर झोपले. पाठ आखडली आहे, चेहरा डासांनी सुजलाय.

सकाळी गोविंदगडाच्या पायथ्याशी त्यांच्याशी बोलणं झालं. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, त्यानंतर लोकांनी गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केलं. शहराजवळ काम झालं. खाडीत मात्र आम्ही जिथे अडकलो तसला गाळ आहेच. या नदीला घाटावरचंही पाणी मिळतं. कोयनेचं जे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं, ते वीज करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरतं. एवढं पाणी असून वाट बुजते, हे मला पटत नाही. गाळाचा उपसा पुरापुरता नको, वाटेसाठीही व्हावा. उथळ तळाची एक लाँच, तिथीप्रमाणे बदलणारं वेळापत्रक आणि प्रत्येक थांब्यावर बायकांसाठी मोरी, इतकं झालं तर काठावरची गावं पुन्हा बोटीने जातील. मी तरी पहिल्या फेरीला येईन.

मामा-मामी दुपारच्या एसटीने दाभोळला निघाले. मामींनी जाळी खांद्यावर घेतली होती. ती विकलेली नाहीत.